अनुदान मंडळीला नको, बोलावणाऱ्या गावाला द्या

सिंधुदुर्गात तुळशीचे लग्न लागले की जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की दशावताराची मंडळी आलीच. पुढचे काही महिने जिल्ह्यात कुठल्या ना कुठल्या देवळासमोर रात्री नाटक उभे राहते. दिवसा शेतात, बागेत किंवा रिक्षावर दिसणारी माणसे रात्री राजे आणि ऋषी होतात, गातात, वाद घालतात, लढतात. पहाटे दहीकाला झाला की पेटारे टेम्पोत चढतात आणि मंडळी पुढच्या गावाच्या वाटेला लागते. गाऊन नाटक करणाऱ्या आणि त्यावर पोट असलेल्या फिरत्या मंडळ्या मराठीत आज फारशा उरलेल्या नाहीत. ज्या आहेत त्या मुख्यतः या टापूत आणि पार दुसऱ्या टोकाला, विदर्भाच्या झाडीपट्टीत. संगीत नाटक संपले अशी हळहळ पुण्या-मुंबईच्या सभागृहांत व्यक्त होते तेव्हा हे दोन्ही टापू कोणाच्या लक्षातही नसतात. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण मराठी रंगभूमीपुढच्या एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच सापडते.

सरकारने कलेला पैसा द्यावा की नाही, हा वाद मला घालायचा नाही. द्यावा, आणि आज देते त्याहून बराच जास्त द्यावा. माझा प्रश्न तो पैसा कोणाच्या हातात पडावा एवढाच आहे. आजवरची रीत म्हणजे नाटक करणाऱ्या संस्थेला देणे: निर्मितीला अनुदान, स्पर्धेत बक्षीस, महोत्सवात मानधन. मी म्हणतो की हा पैसा नाटक बोलावणाऱ्या गावाला द्या. मंडळी टिकते ती तिला कोणीतरी हक्काने बोलावते म्हणून. बोलावणारा सांभाळला तर मंडळी आपोआप सांभाळली जाते. बोलावणारा गेला तर मंडळीला कितीही पैसा द्या, ती प्रेक्षकांऐवजी परीक्षकांसाठी नाटक करू लागते.

जत्रेतले नाटक ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. देवळासमोरचा मांडव, मागे एक पडदा आणि मधोमध एक लाकडी बाकडे, एवढाच रंगमंच. ते बाकडे कधी सिंहासन असते, कधी डोंगर, कधी रथ. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. आधी आडदशावतार, म्हणजे नाटकाचा पूर्वरंग, होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग वेद पळवणारा संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. त्यानंतर आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा. आख्यानाची लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता प्रवेशांचा क्रम ठरतो, कोणी कोणती भूमिका करायची ते ठरते, कोणता मुद्दा कुठपर्यंत ताणायचा याचा अंदाज घेतला जातो. पुढचे सगळे तिथल्या तिथे.

रात्री दोन-अडीचच्या सुमाराला दोन मुरलेले नट समोरासमोर आले की काय घडते ते ऐकण्यासारखे असते. एक धर्माची बाजू लावून धरतो, दुसरा वचनाची. घरी मालवणीत बोलणारा, शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस संस्कृत वळणाच्या मराठीत, एकही शब्द न अडखळता, युक्तिवादाची लड लावतो. वाक्य संपता संपता त्याचा आवाज किंचित चढतो. पेटीवाला नेमका तो चढ पकडून सूर देतो, पखवाजावर थाप पडते आणि बोलणे गाण्यात शिरते. चालींमध्ये जुन्या नाट्यपदांची वळणे स्पष्ट ऐकू येतात. कंपन्यांच्या काळात गावोगाव पोचलेले ते गाणे इथे शेतकऱ्यांच्या गळ्यात राहिले आहे. आणि समोर बसलेल्यांना कथा पाठ असते. कोण कोणाचा मुलगा, कोणी कोणाला शाप दिला, यात नटाची चूक झाली तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तिचा पंचनामा होतो. गावाला गाणे कळते, भाषा कळते, पुराणातला पेच कळतो, आणि हे कळणे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे मांडवात बसूनच जाते. बापाच्या मांडीवर झोपलेले पोर तलवारींच्या खणखणाटाने जागे होते आणि तिथून नाटक पाहायला लागते. एखादी मंडळी गावासाठी काय करते असे कोणी विचारले तर माझे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर व्यवहाराचे आहे. बऱ्याच देवस्थानांच्या जत्रा ठरावीक मंडळ्यांकडे वर्षानुवर्षे चालत आलेल्या असतात. मंडळीच्या मालकाला कार्तिकाच्या आधीच ठाऊक असते की अमुक तिथीला अमुक गावात आपले नाटक आहे. रक्कम फार मोठी नसते, पण ठरलेली असते. त्या भरवशावर तो नट धरून ठेवतो, पेटीवाल्याला शब्द देतो, कपडेपट नवा करतो. जत्रा संपल्या की गणपतीतली, लग्नकार्यातली, संस्थांची बोलावणी त्यावर वाढवून मिळतात. पाया मात्र जत्रेचाच. २०२० साली टाळेबंदी आली, जत्रा साध्या धार्मिक विधींवर आल्या, आणि हा पाया एका फटक्यात निघाला. तेव्हा दशावतारी कलावंतांच्या घरात काय हाल झाले ते कोकणात सगळ्यांनी पाहिले. कला तीच होती, कलावंत तेच होते. बोलावणे तेवढे थांबले होते.

आता इतिहासाकडे वळू. तोही हेच सांगतो.

१८४२ मध्ये कर्नाटकातली कारकीची भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचा खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांना वाटले की असे काही मराठीत व्हावे. त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितले आणि १८४३ मध्ये सीतास्वयंवर रंगभूमीवर आले. मराठी नाटकाच्या जन्माची ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि दरबारचा आधार तुटला. भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ करावे लागले. म्हणजे पहिल्या दहा वर्षांतच आपल्या नाटकाने एका आश्रयदात्यावर अवलंबून राहण्याची किंमत मोजली होती.

तिकिटावरची रंगभूमी पुढे बहरली, यात वाद नाही. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल आले आणि पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्राने गाण्यावर जीव टाकला. कंपन्या गावोगाव मुक्काम करत. १९०८ मध्ये केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श काढली ती हुबळीला. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असत. ज्याला राजदरबारात पाऊल ठेवायला मिळाले नसते तो माणूस चार आणे टाकून हे वादन ऐकत होता. लोकांचा कान तयार झाला तो असा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले मानापमानात एकत्र उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. नाटक कंपन्यांनी एका राष्ट्रीय निधीसाठी आपली सगळी पुण्याई पणाला लावली. कंपनीचे समाजाशी नाते काय असते याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आणि तरीही दहा-बारा वर्षांत हे वैभव ओसरले. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला. लोकांना गाणे आणि गोष्ट स्वस्तात मिळू लागली. गंधर्व मंडळीसारखी कंपनी कर्जाखाली वाकलेली होतीच. भरजरी पडदे, उंची वस्त्रे, मोठा संच, हा सगळा डोलारा रोजच्या गल्ल्यावर उभा होता. गल्ला आटला आणि तो खाली आला. त्या कंपन्या कमअस्सल होत्या म्हणून बुडाल्या नाहीत. त्यांच्यावर जीव टाकणारे प्रेक्षक लाखो होते, पण ‘दर वर्षी या तिथीला तुम्ही आमच्याकडे यायचेच’ असे म्हणणारे गाव एकही नव्हते. प्रेक्षक आज येतो, उद्या सिनेमाला जातो. बोलावणारा असा जात नाही, कारण नाटक त्याच्या वर्षाच्या क्रमात बसलेले असते. त्याच काळात, त्याच बोलपटाशी टक्कर देत दशावतारी मंडळ्या मात्र जत्रा करत राहिल्या.

झाडीपट्टीतही हेच दिसते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. देसाईगंज म्हणजे वडसा इथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. गावची मंडळी तिथे येतात, नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात. गावात शामियाना लागतो, तिकिटे गावच विकते आणि रात्रभर नाटक चालते. त्या दिवशी घरोघर पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची पुन्हा आठवण झाली. गोव्यातली उत्सवी रंगभूमी आणखी वेगळी. तिथे देवळाच्या उत्सवात गावकरी स्वतःच संगीत नाटके करतात. तिन्ही ठिकाणच्या पद्धती निराळ्या आहेत, पण कारण एकच. नाटक होणार की नाही हे गाव ठरवते.

परदेशातले एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण पैशाची सूत्रे दूर गेली की काय होते ते तिथे लख्ख दिसते. वेल्समधल्या कार्डिफ शहरात १९४३ मध्ये एक ऑपेरा कंपनी स्थापन झाली आणि १९४६ मध्ये तिचा पहिला हंगाम झाला. तिचे समूहगायक हौशी होते, दिवसभर आपापली कामे करून संध्याकाळी तालमीला येणारे. वेल्समध्ये समूहगायनाची मोठी परंपरा आहे, तिच्यातून ही कंपनी उगवली. पगारी समूहगायक तिने १९६८ मध्ये घ्यायला सुरुवात केली. पुढे वेल्श नॅशनल ऑपेरा म्हणून तिने नाव कमावले, इंग्लंडच्या शहरांतही ती फिरू लागली, आणि वेल्सबरोबरच इंग्लंडच्या कला परिषदेचाही निधी तिला मिळू लागला. २०२२ मध्ये इंग्लंडच्या परिषदेने आपला निधी सुमारे एक तृतीयांशाने कापला. लगेच लिव्हरपूलचे दौरे बंद झाले. लिव्हरपूलच्या रसिकांना कोणी विचारले नव्हते आणि विचारले असते तरी त्यांच्या हातात काही नव्हते. निधी परिषदेने कंपनीला दिला होता आणि परिषदेनेच तो काढून घेतला. ज्यांच्या शहरात नाटक होत होते त्यांचा त्या व्यवहाराशी संबंधच नव्हता. ही कंपनी श्रेष्ठ दर्जाची आहे, श्रीमंत देशातली आहे. तिची ही गत होते, तर आपल्या मंडळ्यांना त्याच वाटेने नेण्याचा आग्रह कशाला?

आपल्याकडे सांस्कृतिक कार्य संचालनालयाची योजना आहे. तमाशा, दशावतार, खडीगंमत अशा कलाप्रकारांतल्या संस्थांना भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान मिळते. ज्येष्ठ कलावंतांना महिना ५००० रुपये मानधन आहे. हे बंद करा असे मी म्हणत नाही. कोकणात दशावतारी नटाबद्दल म्हणतातच की रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा. म्हातारपणी त्या बोज्यातून सुटका व्हायलाच हवी. पण संस्थेला मिळणाऱ्या अनुदानाचे स्वरूप पाहा. अर्ज, नोंदणी, हिशेब, छायाचित्रे, दाखले. ज्याला कागद रंगवता येतात तो पुढे जातो. बारा-पंधरा माणसांची मंडळी पोटापुरते कमवत रात्रीबेरात्री फिरते. तिच्या मालकाने कार्यालयाचे उंबरठे कधी झिजवायचे? उलट, वर्षाला दोन-चार प्रयोग करणारी पण फाइल नीटनेटकी ठेवणारी संस्था सहज पात्र ठरते.

इमारतींचे तर विचारूच नका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले ते नाट्यगृह जळताना पाहून कोल्हापूरकर ढसाढसा रडले, आणि पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर झाला तो योग्यच झाला. ती वास्तू पुन्हा उभी राहिलीच पाहिजे. पण वास्तू दिसते, तिची कोनशिला बसवता येते, तिच्यासमोर फीत कापता येते, म्हणून तिला पैसा मिळणे तुलनेने सोपे असते. पेटीवाल्याची बिदागी अशी दिसत नाही. राज्यात ठिकठिकाणी नाट्यगृहे बांधली गेली आणि त्यातली कित्येक लग्न-समारंभांवर आणि मेळाव्यांवर चालली आहेत, कारण तिथे नाटक बोलावणारे कोणी तयारच झाले नाही.

म्हणून सुचवतो ते असे. ज्या गावाला जिवंत वाद्यांवरचे गायलेले नाटक बोलवायचे आहे, त्या गावाने लोकवर्गणीतून जेवढे पैसे उभे केले तेवढीच रक्कम सरकारने त्यात घालावी. पैसा ग्रामपंचायतीकडे यावा आणि ठरलेली बिदागी, आधी दिलेला हप्ता वजा करून, मंडळीच्या खात्यात नाटकाच्या दुसऱ्या दिवशी जमा व्हावी. मंडळी कोणती, आख्यान कोणते, हे गावाने ठरवावे. अटी दोनच असाव्यात. वाद्ये वाजवणारी माणसे समोर बसलेली हवीत, पेनड्राइव्हवरचे संगीत चालणार नाही. आणि रात्रीच्या प्रवासाचा अपघात विमा मंडळीतल्या प्रत्येकाच्या नावाने काढलेला हवा. ही दुसरी अट मला सगळ्यांत निकडीची वाटते. पहाटे तीन-चार तास झोप घेऊन पुन्हा घाटवळणांतून टेम्पोत बसणाऱ्या माणसांच्या जिवाचा विचार आजवर फार थोड्यांनी केला आहे.

यावर आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. पहिला असा की जत्रा देवळाची, मग सरकारी पैसा देवस्थानाला जाणार का? जाऊ नये. म्हणूनच मी ग्रामपंचायत म्हणतो आहे. याला आणखीही एक कारण आहे. देवळाच्या मांडवात मानपान असतात. पहिला नारळ कोणाचा, पुढे कोण बसणार, देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने प्रार्थना, कोण घालणार, हे जुन्या उतरंडीने ठरते. गाव म्हणजे सगळे एकदिलाचे, असले चित्र रंगवणे मला पटत नाही. काही वाड्यांनी मागेच बसायचे आणि वर्गणी मात्र सगळ्यांनी द्यायची, हे वर्षानुवर्षे चालले आहे. सार्वजनिक पैसा येईल तेव्हा मांडवही सार्वजनिक असला पाहिजे. देवळासमोर ते जमत नसेल तर शाळेच्या पटांगणात नाटक करावे. बौद्धवाडीने स्वतंत्र बोलावणे दिले तर त्यांच्या वर्गणीलाही तेवढीच जोड मिळावी. आणि मंडळीत बायका असोत की पुरुष, भेद करू नये. दशावतारात स्त्रीभूमिका पुरुष करत आले, त्यात त्यांनी अपार कसब मिळवले. पण आता महिलांची दशावतारी मंडळेही उभी राहिली आहेत आणि त्यांना बोलावणारी गावे वाढायला हवीत.

दुसरा आक्षेप अभिरुचीचा. गावावर सोडले तर ट्रिकसीन म्हणजे चमत्काराची दृश्ये, धूर आणि मध्येच सिनेमाची गाणी एवढेच उरेल, असे शहरातली जाणती माणसे म्हणतात. झाडीपट्टीबद्दलही हेच म्हटले जाते. ट्रिकसीनचा अतिरेक मलाही आवडत नाही. दोन नटांचा रंगात आलेला वाद तोडून मध्येच नाग सोडला की चीड येते. पण बालगंधर्वांच्या काळातही लोक शालू पाहायला यायचे आणि गाणे ऐकून घरी जायचे. लोकांना आत आणण्याच्या युक्त्या प्रत्येक जिवंत रंगभूमीने केल्या आहेत. कस लागतो तो आत आल्यावर. आणि गावाला बरेवाईट कळत नाही ही समजूत तर मला अपमानकारक वाटते. कुठल्या मंडळीचा राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारा नट, उजवा, कोणाचा पखवाज कच्चा, यावर कुडाळ-सावंतवाडीच्या बाजारात जेवढ्या बारकाईने बोलले जाते तेवढे एखाद्या स्पर्धेच्या परीक्षक-कक्षातही होत नसेल. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण यांना ‘लोकराजा’ ही पदवी लोकांनीच बहाल केली होती. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा सगळा जिल्हा हळहळला. ही पारख सरकारी समितीपेक्षा कमी कशी मानायची?

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. ज्या गावात आता तरुणच राहिलेले नाहीत, सगळे मुंबई-पुण्याला किंवा गोव्यात कामाला गेलेले आहेत, तिथे वर्गणी कोण देणार? अशा गावांसाठी जोड निम्मी न ठेवता जास्त ठेवावी लागेल, आणि ती किती हे जिल्हा नियोजन समितीने दरडोई उत्पन्न, बंद घरे वगैरे पाहून ठरवावे. तरी काही गावे सुटतील. सगळी गावे धरून ठेवणारी योजना मला दिसत नाही. पण एक गोष्ट दिसते. परगावी गेलेली माणसे गणपतीला आणि जत्रेला येतात. वर्गणीचा मोठा भाग तेच देतात. त्यांना गावाशी बांधून ठेवणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या आहेत त्यात रात्रीचे नाटक आहे. ते बंद पडले की जत्रेला येण्याचे एक कारण कमी होते, आणि मग वर्गणीही.

शेवटचा मुद्दा वेळापत्रकाचा. तो किरकोळ वाटेल, पण चांगल्या योजना इथेच मरतात. सरकारी पैसा मार्चअखेरीस सुटतो. मंडळीला पैसा लागतो तो आश्विनात, कपडेपट दुरुस्त करताना, नटांना आणि वाजवणाऱ्यांना हंगामाची उचल देताना. ती उचल आज मालक व्याजाने पैसे काढून देतो आणि हंगामभर फेडत बसतो. गावाने दसऱ्यापर्यंत ग्रामसभेत तारीख आणि मंडळी ठरवावी, आपली वर्गणी जाहीर करावी, आणि सरकारी वाट्याचा निम्मा हप्ता दिवाळीच्या आत ग्रामपंचायतीमार्फत मंडळीच्या मालकाच्या खात्यात जावा. उरलेला नाटक झाल्यावर. यासाठी नवे महामंडळ नको, समिती नको, उद्घाटनाचा सोहळा तर नकोच. ग्रामसभेच्या ठरावाची एक प्रत आणि जिल्हा परिषदेत त्यावर सही करणारा एक अधिकारी, एवढे पुरे.